डोंगरातले लीडर येतात कुठून?

(पडद्यावर: दोन्ही बाजूंना झाडीनं भरलेले डोंगर, मधे ओढा, ओढ्याला चिकटून रस्ता)

हा जो रस्ता दिसतोय ना, हा केंटकी रूट ९७९. अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा पूर्व भाग, फ्लॉइड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), मड क्रीक नावाचा ओढा आणि त्याच्या काठाकाठानं वळत जाणारा हा रस्ता. याला नाव दिलंय युला हॉल हायवे. आता अमेरिकेत हायवेला नावं कुणाची देतात तर गव्हर्नर, सिनेटर, नाहीतर युद्धात गेलेले सैनिक. युला हॉल यातली कुणीच नव्हती. शिक्षण आठवी, तरुणपणी लोकांच्या घरी राहून सैपाक, धुणी, बाळंतिणीची कामं केलेली, पाच मुलं, आणि मारहाण करणारा नवरा, जे तिनं पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं. या बाईनं इथं दवाखाना काढला आणि आज त्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं नाव आहे.

तिच्याकडे परत येऊच, सविस्तर येऊ. पण आधी हा प्रदेश समजून घ्यायला हवा.

ॲपलाचिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची डोंगररांग आणि तिच्या आजूबाजूचा पट्टा. सरकारी हिशोबानं १३ राज्यं, ४२३ काउंट्या, न्यूयॉर्कच्या दक्षिण भागापासून थेट मिसिसिपीपर्यंत. पण आपण ज्या भागाबद्दल बोलतोय तो याचा मधला गाभा, पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनियाचा दक्षिण भाग, व्हर्जिनियाचं नैऋत्य टोक आणि टेनेसीचे डोंगर. इथं कोळसा आहे. शंभर वर्षं या कोळशावर अमेरिकेचं पोलाद आणि वीज चालली, आणि इथली माणसं मात्र देशातल्या सगळ्यात गरीब माणसांत राहिली. २४ एप्रिल १९६४ ला प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन इथल्याच मार्टिन काउंटीत येऊन एका गरीब कुटुंबाच्या पडवीत बसले, फोटो निघाले. गरिबीविरुद्धचं युद्ध त्यांनी जानेवारीतच पुकारलेलं होतं. पुढच्या वर्षी ॲपलाचियन रीजनल कमिशन स्थापन झालं, पैसा यायला लागला. पण गावात तो पैसा वापरायचा कुणी, लोकांना गोळा कोण करणार, कोर्टहाऊसमधल्या काउंटीच्या पुढाऱ्यांशी भांडायचं कुणी? म्हणजे गावपातळीवर लीडर कोण? आणि तो येतो कुठल्या घरातून, काय शिकलेला असतो, पोटापाण्याला काय करत असतो?

सुरुवात बाहेरून आलेल्या बायकांपासून होते. १९०२ साली कॅथरीन पेटिट आणि मे स्टोन या दोघींनी नॉट काउंटीत हिंडमन सेटलमेंट स्कूल काढलं. दोघीही चांगल्या खात्यापित्या, शिकलेल्या, शहरी घरातल्या. घोड्यावरून, खेचरांच्या गाडीतून डोंगरात आलेल्या या बायकांचं लोकांना भलतंच अप्रूप होतं. शाळा, शेती, आरोग्य, विणकाम असं सगळं त्यांनी एका जागी सुरू केलं. १९१३ मध्ये पेटिटनंच हार्लन काउंटीत पाइन माउंटन नावाची दुसरी शाळा उभी केली, आता ही शाळा तिच्या नावावर जाते ते ठीक, पण तिथली जमीन दिली ती विल्यम क्रीच नावाच्या म्हाताऱ्या स्थानिक शेतकऱ्यानं, आणि आमच्या पोरांसाठी इथं शाळा काढा म्हणून मागे लागला होता तोही हाच. असे क्रीच प्रत्येक गोष्टीत असतात आणि बहुतेक वेळा तळटीपेत असतात.

मेरी ब्रेकिनरिज तर पार वरच्या घरातली. जन्म १८८१, आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष, वडील रशियात अमेरिकेचे राजदूत, त्यामुळं लहानपणाचा काही काळ रशियात, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये. पण पहिला नवरा लवकर गेला, मग मुलगी जन्मून काही तासांत गेली, मग चार वर्षांचा मुलगा गेला. ती नर्स झाली, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये काम केलं, इंग्लंडला जाऊन सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि १९२५ मध्ये केंटकीच्या लेस्ली काउंटीत घोड्यावरून फिरणाऱ्या नर्सेसची सेवा सुरू केली, पुढे हीच फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस म्हणून प्रसिद्ध झाली. त्याआधी तिनं काय केलं, तर घोड्यावर बसून डोंगरातल्या म्हाताऱ्या सुईणींना एकेक करून भेटली, त्या काय करतात ते विचारून लिहून घेतलं. हे मला फार आवडतं. पैसा मात्र तिनं आणला तो आपल्या श्रीमंत नातेवाइकांच्या, मैत्रिणींच्या ओळखीतून, आणि तिचे वंशाबद्दलचे विचार आज वाचवत नाहीत, हेही त्याच बाईबद्दल खरं आहे.

या सगळ्या बायकांमध्ये एक अडचण होती. पैसे मागायला शहरात जायचं तर डोंगरातले लोक किती मागासलेले, किती भोळे, काळानं कसे मागे ठेवलेले हे रंगवून सांगावं लागायचं. ते चित्र देणगीदारांना पटलं, पैसे आले, आणि ते चित्र पुढं शंभर वर्षं लोकांना चिकटून बसलं.

(पडद्यावर: जुने काळेपांढरे फोटो, लाकडी घर, व्हरांड्यात गोल करून बसलेली माणसं)

दुसरा प्रकार म्हणजे डोंगराच्या जवळचाच, पण बाहेर शिकून परत आलेला माणूस. यात सगळ्यात मोठं नाव माइल्स हॉर्टन. जन्म १९०५, टेनेसी राज्यात. आईवडील दोघंही शाळामास्तर, पण त्यांचं स्वतःचं हायस्कूल झालेलं नव्हतं, आणि मास्तरांना हायस्कूल पाहिजे असा नियम आला तेव्हा दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. मग बापानं मिळेल ते काम केलं, इन्शुरन्स विकला, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं शेती केली. बघा, शिकवायला येणारी माणसं कागद नाही म्हणून घरी बसली, आणि त्यांच्या मुलानं पुढं अशी शाळा काढली जिथं डिग्री नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. आता याचा थेट संबंध लावावा की नाही ते तुम्ही ठरवा, मी तर लावतो.

१९२७ च्या उन्हाळ्यात कॉलेजात असताना चर्चनं त्याला ओझोन नावाच्या डोंगरातल्या गावात मुलांना बायबल शिकवायला पाठवलं. त्यानं मुलांच्या आईबापांनाही संध्याकाळी बोलावलं, बोला तुमचे प्रश्न काय आहेत. लोक म्हणाले शेतीचं विचारायचंय, तब्येतीचं विचारायचंय, काम कुठं मिळेल ते विचारायचंय. याला त्यातलं काहीच येत नव्हतं. पण तिथं त्याच्या लक्षात आलं की एकाला जे माहीत नाही ते शेजारच्या बाकावरच्याला माहीत असतं, फक्त त्यांना एकत्र बसवणारं कुणी नसतं. मग न्यूयॉर्कची सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाचं कॉलेज, झाली, शिकागोचं विद्यापीठ झालं, डेन्मार्कला जाऊन तिथल्या शेतकऱ्यांच्या लोकशाळा बघून झाल्या, आणि १९३२ मध्ये ग्रंडी काउंटीत मॉन्टीगलजवळ हायलँडर फोक स्कूल सुरू झालं. बरोबर होता डॉन वेस्ट, जॉर्जियाच्या डोंगरात दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाच्या घरचा पोरगा, कवी आणि पाद्री. घर आणि जागा दिली लिलियन जॉन्सननं, मेम्फिसच्या पैसेवाल्या घरातली, पीएचडी झालेली बाई, जिनं स्वतः आधी तिथं सहकारी चळवळीचा प्रयत्न करून बघितला होता. म्हणजे हायलँडरच्या पायात तीन वेगवेगळ्या थरांतली माणसं आहेत, मास्तराचा मुलगा, कुळाचा मुलगा आणि श्रीमंत घरातली लेक.

पहिल्याच वर्षी वाइल्डर गावात खाणकामगारांचा संप चालू होता, हॉर्टन तिथं माहिती घ्यायला गेला आणि त्याला अटक झाली. त्यानं पुढं आयुष्यभर हे हसत हसत सांगितलं की माझ्यावर आरोप काय, तर इथं येऊन माहिती गोळा करतो आणि परत जाऊन ती शिकवतो. आरोप शंभर टक्के खरा होता!

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स याच हायलँडरच्या वर्कशॉपला आल्या होत्या आणि त्यानंतर काही महिन्यांनी मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार दिला. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवतात हे टेनेसी सरकारला सहन होत नव्हतं, १९६१ मध्ये राज्यानं शाळेचा परवाना काढून घेतला, मालमत्ता जप्त केली, लिलाव केला. हायलँडर दुसऱ्या नावाने नॉक्सव्हिलला गेलं आणि मग न्यू मार्केटला, तिथं अजून चालू आहे.

साठच्या दशकात सरकारी पैशाबरोबर कॉलेजातली पोरंपोरी आली, ॲपलाचियन व्हॉलंटियर्स. सुरुवातीला काय तर एका खोलीच्या शाळा रंगवणं, छप्पर दुरुस्त करणं, पुस्तकं वाटणं. कुणाची हरकत नव्हती. पण तिथं राहिल्यावर त्यांना दिसलं की छपराचा प्रश्न खरं तर टॅक्सचा आहे, टॅक्सचा प्रश्न कोळसा कंपन्यांच्या जमिनीचा आहे, आणि शाळेची समिती, नोकऱ्या, मतं हे सगळं त्याच दोनचार घरांच्या हातात आहे. १९६७ च्या उन्हाळ्यात पाइक काउंटीत एका शेतकऱ्यानं कोळशासाठी आपल्या जमिनीवर येणाऱ्या बुलडोझरसमोर उभं राहून काम थांबवलं, व्हॉलंटियर्स त्याच्या बाजूनं होते, गव्हर्नरला खाणीचा परवाना रद्द करावा लागला. काही आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, व्हॉलंटियर्सच्या एका कार्यकर्त्यावर आणि आणखी एका जोडप्यावर राजद्रोहाचा खटला! सरकारी वकील स्वतः पूर्वीचा कोळसा व्यावसायिक. फेडरल कोर्टानं तो कायदाच रद्दबातल ठरवला, पण व्हॉलंटियर्सचा पैसा आटत गेला आणि बहुतेक पोरं परत गेली. परत जायला त्यांना घर होतं, हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

बाहेरून येऊनही न गेलेल्यांत एक मारी सिरिलो. ब्रुकलिनची मुलगी, कॅथलिक नन झालेली, ग्लेनमेरी सिस्टर्समध्ये. १९६७ मध्ये आर्चबिशपनी या सिस्टर्सवर बंधनं घातली, तर त्यातल्या चाळीसेक जणींनी ऑर्डरच, म्हणजे नन्सचा संघच, सोडला आणि साध्या कपड्यांत, साध्या बायका म्हणून डोंगरात काम करायचं ठरवलं. सिरिलो टेनेसीच्या क्लेअरफिल्डला गेली आणि पुढची पाच दशकं तिथं राहिली. तिला तिथं काय दिसलं? दवाखाना बांधायला जागा नाही. घर बांधायला जागा नाही. डोंगरच डोंगर आहेत पण मालक कोण, तर लंडनच्या लोकांच्या मालकीची एक कंपनी, हजारो एकरांची मालक. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहतात आणि स्वतःच्या पायाखालची जमीन भाड्याची. म्हणून मग तिनं आणि गावानं कम्युनिटी लँड ट्रस्ट काढला, थोडी थोडी जमीन घेऊन गावाच्या नावावर ठेवायची. १९८१ मध्ये स्थानिक लोक आणि अभ्यासक मिळून सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांच्या जमिनीचे रेकॉर्ड तपासून एक मोठा अहवाल आला, त्यात हेच निघालं, जमीन आणि खनिजं मोठ्या प्रमाणात बाहेरच्यांच्या हातात आणि टॅक्स अगदी किरकोळ. ही कागदपत्रं कोर्टहाऊसमध्ये बसून काढणाऱ्यांत तिथलीच साधी माणसं होती, आणि त्यातले काही पुढं आपापल्या काउंटीत संघटना चालवायला लागले.

(पडद्यावर: मड क्रीक, दवाखान्याची पाटी)

आता युला हॉल.

जन्म १९२७, पाइक काउंटीतली ग्रीझी क्रीक. शाळा आठवीपर्यंत, पुढचं हायस्कूल लांब आणि पैसे नाहीत, विषय संपला. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्क राज्यात डबाबंद मालाच्या कारखान्यात कामाला गेली, तिथली परिस्थिती बघून या पोरीनं बायकांना गोळा करून आवाज उठवला, पोलिसांनी पकडलं आणि परत घरी पाठवून दिलं. तेव्हा ती अजून वीसचीही नव्हती. म्हणजे पुढं साठच्या दशकात सरकारी योजना आल्या आणि त्यांनी हिला लीडर केलं असं जे सांगतात ते उलटं आहे, लीडर आधीच तिथं होती, योजनेनं तिला पगार दिला, गाडीचं पेट्रोल दिलं आणि चार ओळखी करून दिल्या.

लग्न होऊन मड क्रीकला आली. आजूबाजूला काय, तर खाणीत फुफ्फुसं काळी झालेले पुरुष, बाळंतपणात मरणाऱ्या बायका, डॉक्टर पैसे आधी मागणार, विहिरीचं पाणी घाण. ती गाडी चालवायची, त्यामुळं कुणीही आजारी पडलं की युलाला बोलवा. ही गोष्ट वाटते साधी पण माझ्या मते इथल्या लीडरशिपचं मूळ यातच आहे. ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याला फॉर्म वाचता येतो, जो ऑफिसातल्या क्लार्कला घाबरत नाही, लोक त्याच्याकडं जातात, आणि पाच वर्षांत त्याला अख्ख्या खोऱ्यातल्या प्रत्येक घराची कुंडली माहीत झालेली असते. वेल्फेअर राइट्स, म्हणजे सरकारी मदतीच्या हक्कासाठी भांडणाऱ्या संघटनेत ती आली ती यातूनच. शाळेत गरीब मुलांना फुकट जेवण मिळायला हवं म्हणून भांडली, पाण्याच्या नळयोजनेसाठी भांडली.

१९७३ मध्ये १४०० डॉलरच्या देणगीवर भाड्याच्या घरात मड क्रीक क्लिनिक सुरू झालं. जागा पुरेना. तर तिनं स्वतःचं घर दवाखान्याला दिलं आणि कुटुंबासकट ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला गेली. डॉक्टर बाहेरून आणले, पैसा फेडरल सरकारकडून, खाणकामगारांच्या युनियनकडून, जिथून मिळेल तिथून, पण दार कुणाचं आणि पेशंट कुणाच्या शब्दावर येतात हे स्पष्ट होतं. डिसॅबिलिटीच्या आणि काळ्या फुफ्फुसाच्या भरपाईच्या सुनावण्यांना ती पेशंटबरोबर जाऊन बसायची, वकील नसूनही त्यांची बाजू मांडायची आणि जिंकायची. आठवी शिकलेली बाई समोरच्या कायदेवाल्यांना फाइलमधलं पान काढून दाखवते, हे बघायला मला तिथं असायला आवडलं असतं.

१९८२ मध्ये दवाखाना जळाला. लावलेली आग. दुसऱ्या दिवशी विलोच्या झाडाखाली पिकनिकचं टेबल मांडून दवाखाना सुरू, फोन कंपनीला सांगून झाडावर फोन बसवून घेतला. नवीन इमारतीसाठी ॲपलाचियन रीजनल कमिशन पैसे द्यायला तयार होतं पण गावानं आधी ८० हजार डॉलर जमवून दाखवायचे. फ्लॉइड काउंटीत, ८० हजार! मग चिकनची जेवणं झाली, क्विल्टच्या, म्हणजे गोधड्यांच्या, सोडती झाल्या, रस्त्यावर गाड्या थांबवून बादलीत चिल्लर गोळा केली, आणि जमले. युला हॉल २०२१ मध्ये गेली, ९३ वर्षांची होऊन. तिचं चरित्र लिहिलं ते पूर्व केंटकीतच वाढलेल्या एका भारतीय वंशाच्या माणसानं, आणि यात तसं आश्चर्य नाही, कारण या कोळशाच्या गावांत डॉक्टर म्हणून येऊन राहिलेले भारतीय खूप आहेत, परदेशी डॉक्टरांनी टंचाईच्या भागात तीन वर्षं काम केलं तर त्यांना व्हिसात सवलत मिळवून देण्याची योजना हेच कमिशन चालवतं.

बायकाच का पण? इथल्या सगळ्या गोष्टीत बायकाच पुढं दिसतात. माझं मत असं की पुरुष एकतर खाणीत होते, नाहीतर खाणीनं आजारी पाडलेले, नाहीतर बाहेर गेलेले. १९४० ते १९७० च्या दरम्यान तीसेक लाख माणसं हा भाग सोडून डेट्रॉइट, सिनसिनाटी, शिकागोकडे गेली. आणि जो खाणीत आहे तो सकाळी कंपनीविरुद्ध बोलला तर संध्याकाळी नोकरी गेलेली असते. बोलणारे पुरुष होते ते बहुतेक युनियनमध्ये, त्यातला अर्नोल्ड मिलर तर काळ्या फुफ्फुसानं कामाबाहेर झालेला वेस्ट व्हर्जिनियाचा खाणकामगार, १९७२ मध्ये अख्ख्या युनियनचा अध्यक्ष झाला. पण गावातलं पाणी, शाळा, दवाखाना हे बायकांच्या वाट्याला आलं.

व्हर्जिनियातलं आयव्हनहो बघा. कार्बाइडचा कारखाना १९६६ ला बंद, जस्ताची खाण १९८१ ला बंद, गाव रिकामं होत चाललेलं, आणि काउंटीनं गावातली उद्योगासाठी ठेवलेली जागाही विकायला काढली. मॅक्सिन वॉलर, आयुष्यात कधी कुठल्या पदावर नसलेली बाई, उठली आणि लोकांना जमवायला लागली. तिच्या मदतीला आली हेलन लुईस, जॉर्जियातल्या खेड्यात वाढलेली, पोस्टमनची मुलगी, समाजशास्त्राची प्राध्यापक. या दोघींचं पटायचं पण आणि खटके पण उडायचे, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

वेस्ट व्हर्जिनियाची जूडी बाँड्स तर पिझ्झा हटमध्ये काम करायची, त्याआधी वेट्रेस. मार्फोर्क हॉलो नावाच्या दरीत तिच्या घराच्या कित्येक पिढ्या, बाप खाणकामगार. एक दिवस नातू ओढ्यात उभा, हातात मेलेले मासे, आणि आजीला विचारतोय यांना काय झालं. डोंगराचा माथाच स्फोटानं उडवून कोळसा काढायची पद्धत तोवर जोरात होती. ती कोल रिव्हर माउंटन वॉच नावाच्या छोट्या संघटनेत गेली, २००३ मध्ये तिला पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. तिला सगळ्यात जास्त शिव्या कुणी घातल्या, तर शेजाऱ्यांनी, कारण त्यांची पोरं त्याच खाणीत कामाला. २०११ मध्ये कॅन्सरनं गेली, अठ्ठावन्न वर्षांची.

अलीकडे अजून एक प्रकार वाढलाय, तिथलाच, डिग्रीवाला आणि मुद्दाम राहिलेला. ब्रँडन डेनिसन, वेस्ट व्हर्जिनियाचा, इतिहास आणि मग लोकप्रशासन शिकलेला, कोलफील्ड डेव्हलपमेंट ही संस्था त्यानं वेन काउंटीत उभी केली. बेकार तरुणांना आठवड्याला ३३ तास पगारी काम, ६ तास कॉलेजचं शिक्षण, ३ तास स्वतःच्या आयुष्याची घडी बसवायला, असं त्यांचं गणित आहे. २०२२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालच्या गटाला फेडरल सरकारचे सहा कोटी डॉलरहून जास्त मिळाले. आता या रकमेचा अर्ज भरायला जे लागतं ते युला हॉलकडे नव्हतं, आणि तिच्यासारख्या बाईला आज असा अर्ज एकटीनं भरता आला असता का, मला शंका आहे. पैसा मोठा झाला की खुर्चीवर बसायची पात्रताही बदलते.

आणि सगळे गोरेच असतात असंही नाही बरं का. २०१७ मध्ये हायलँडरच्या दोन सहप्रमुखांपैकी एक म्हणून ॲशली वुडर्ड हेंडरसन आली, आग्नेय टेनेसीच्या कामगार घरातली, त्या पदावरची पहिली काळी बाई. २०१९ च्या मार्चमध्ये हायलँडरची मुख्य ऑफिसची इमारत जळून खाक झाली, पार्किंगमध्ये वंशवाद्यांचं चिन्ह रंगवलेलं सापडलं. लीडर कुठल्याही घरातला असो, आग लावणारे त्याला बरोबर ओळखतात.

(पडद्यावर: जुलै २०२२ चा पूर, चिखलानं भरलेलं हिंडमन)

जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीत पूर आला, ४० पेक्षा जास्त माणसं गेली. हिंडमनच्या त्या १९०२ च्या शाळेतही पाणी शिरलं आणि तरी तिनं बेघर झालेल्यांना जागा दिली. व्हाइट्सबर्गला १९६९ पासून स्थानिक पोरांना कॅमेरा हातात देणारी ॲपलशॉप आहे, तिथलं जुन्या फिल्मचं भांडार चिखलात गेलं. घरं आता पुन्हा ओढ्याच्या काठावर बांधायची नाहीत, उंचावर बांधायची असं ठरलं. पण उंचावर सपाट जागा कुठाय? जिथं खाणींनी डोंगराचे माथे कापलेत तिथंच. तर आता स्थानिक घरबांधणी संस्था त्याच कापलेल्या डोंगरांवर वस्त्या उभ्या करतायत, आणि कुठली जमीन मिळते, कुणाकडून मिळते, घर कुणाच्या नावावर होतं, यावरच त्यांच्या मीटिंगा चालतात.